जुना डेस्कटॉप बदलण्याआधी तो नेमका कुठे अडतो ते पाहा

मध्य प्रदेशातल्या वारासिवनीत समग्र आयडीची दुरुस्ती असो, धान विक्रीची नोंदणी असो की मुलांच्या परीक्षेचे फॉर्म, ही कामे बहुतेक वेळा एखाद्या ऑनलाइन सेंटरच्या डेस्कटॉपवरच होतात. त्यातले अनेक संगणक दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेले. ते सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतात आणि ब्राउझरचे चार टॅब उघडले की हँग होतात. मग कोणी सांगते रॅम टाका, कोणी सांगते ग्राफिक्स कार्ड टाका, कोणी म्हणते गोंदियाहून नाहीतर नागपूरहून नवाच आणा. सल्ला चुकला की पैसे जातात आणि संगणक होता तसाच राहतो. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १ : जुना झाला की प्रोसेसर मंदावतो, सगळा सेटच बदलावा लागतो.

वस्तुस्थिती : प्रोसेसर वयामुळे हळू होत नाही. बहुतेक जुन्या संगणकांत अडते ती हार्ड डिस्क. तिच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारा दांडा प्रत्येक फाइलसाठी जागा बदलतो. विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला साधारण शंभराच्या आसपासच वाचू शकते. हार्ड डिस्कऐवजी लावता येणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे हेच काम ती सेकंदाला हजारो वेळा करते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. संगणक अडलेला असताना ‘डिस्क’चा आकडा १०० टक्क्यांवर आणि ‘सीपीयू’चा बराच खाली दिसला, तर दोष प्रोसेसरचा नाही.

दुसरे कारण उष्णता. पंख्यात धूळ साचली किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली, की तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. राइस मिलच्या या भागात धुळीची कमतरता नाही आणि एप्रिल-मेचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. साफसफाई आणि नवी पेस्ट हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो सर्वांत आधी करावा.

गैरसमज २ : एसएसडी जुन्या मदरबोर्डला लागत नाही आणि लवकर खराब होते.

वस्तुस्थिती : अडीच इंची साटा एसएसडीला हार्ड डिस्कचीच साटा केबल आणि तसाच पॉवरचा जोड लागतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉपमध्ये तो असतो. अशा एसएसडीचा पूर्ण वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी असतो. जुन्या साटा-२ बोर्डवर तो निम्म्यावर येतो, तरीही हार्ड डिस्कपेक्षा फरक लगेच जाणवतो. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये एएचसीआय मोड सुरू आहे ना, ते मात्र पाहून घ्या.

आयुष्याचा हिशेबही सोपा आहे. एखाद्या लहान एसएसडीवर ८० टीबी लिखाणाची हमी असेल आणि रोज २० जीबी लिहिले गेले, तर ती मर्यादा गाठायला ४००० दिवस, म्हणजे जवळपास अकरा वर्षे लागतील. खरा धोका वेगळा आहे. एसएसडी कधीकधी कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते आणि मग तिच्यातला डेटा परत मिळवणे अवघड असते. म्हणून विंडोज एसएसडीवर ठेवा, जुनी हार्ड डिस्क चांगली असेल तर ती बॅकअपसाठी वापरा.

गैरसमज ३ : जितकी जास्त रॅम, तितका जास्त वेग.

वस्तुस्थिती : रॅम अपुरी असेल तरच ती वाढवल्याचा फायदा होतो. ४ जीबीवर आजचा ब्राउझर गुदमरतो, ८ जीबीवर फॉर्म, पीडीएफ, टॅली ही कामे नीट चालतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ६० टक्क्यांपुढे जातच नसेल, तर १६ जीबी करून वेग वाढणार नाही. शिवाय विंडोज ३२ बिटचे असेल तर साधारण साडेतीन जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही. आधी ६४ बिटचे विंडोज टाकावे लागते.

रॅम विकत घेताना प्रकार पाहा. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जुनी पट्टी सोबत घेऊनच दुकानात जा.

गैरसमज ४ : ग्राफिक्स कार्ड टाकले की सगळा संगणक पळतो.

वस्तुस्थिती : कार्डाचा उपयोग गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी कामाला होतो. फॉर्म भरणे, टायपिंग, प्रिंट यांना प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते. शिवाय कार्डाला जास्त वीज लागते. वीजपुरवठा करणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो तेवढा भार पेलेलच असे नाही, आणि तो जळताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो. त्याच पैशात चांगल्या कंपनीचा एसएमपीएस किंवा यूपीएसची नवी बॅटरी अधिक उपयोगी.

गैरसमज ५ : विंडोज १० बंद झाले, आता जुना संगणक भंगारात.

वस्तुस्थिती : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, हे खरे. संगणक त्याने बंद पडत नाही, पण सुरक्षा अपडेट थांबतात. लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील हाताळणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये. घरगुती संगणकाची नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१३-१४ चे संगणक त्यात बसत नाहीत.

अशा संगणकावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने तयार केलेले बॉस लिनक्स मोफत टाकता येते. दोन्हींवर युनिकोड मराठी-हिंदी टायपिंग होते. अभ्यास, ब्राउझिंग, पत्रव्यवहार यांना ते पुरेसे आहे. मात्र अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे सेंटरचालकांनी आधी तपासावे.

गैरसमज ६ : तारीख मागे जाते, साइट उघडत नाहीत, म्हणजे मदरबोर्ड गेला.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. घड्याळ चुकले की ब्राउझरला सुरक्षित साइटचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते आणि तो पान उघडत नाही. सेल किरकोळ किमतीत मिळतो. तो बदलून तारीख लावा, मगच दुरुस्तीचा विचार करा.

खर्च कुठे थांबवावा?

डीडीआर२ रॅमचा संगणक, फुगलेले कपॅसिटर असलेला मदरबोर्ड किंवा वारंवार जळणारा बोर्ड यांवर पैसे घालू नका. तिथे कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप लेखी वॉरंटीसह घेणे शहाणपणाचे. मॉनिटर, कीबोर्ड, माउस तुमचेच चालतील.

बाकी संगणकांसाठी क्रम लक्षात ठेवा : आधी साफसफाई आणि सेल, मग एसएसडी, मग गरज असेल तर ८ जीबीपर्यंत रॅम. प्रत्येक पायरीनंतर काही दिवस वापरून पाहा. काम भागले तर पुढचा खर्च करू नका. आणि काढलेले भाग कचऱ्यात टाकू नका किंवा जाळू नका. त्यांत शिशासारखे विषारी धातू असतात. हे भाग नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.