अ‍ॅडव्हान्स्ड वेब डेव्हलपमेंटचं एक सत्र कसं आखावं

तिसऱ्या वर्षाला किंवा एमसीएला ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेब डेव्हलपमेंट’ हा वैकल्पिक विषय वाट्याला आला की पहिला मोह होतो युनिटांची यादी करण्याचा. रिअ‍ॅक्ट, नोड, मोंगोडीबी, क्लाउड, जमलंच तर थोडं एआय. यादी पाच मिनिटांत होते आणि पुढे सत्रभर छळते. त्यापेक्षा आधी कॅलेंडर पुढ्यात घेऊन तास मोजावेत.

चार श्रेयांकांचा विषय धरू. तीन थिअरीचे, एक प्रात्यक्षिकाचा. थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास, हे बहुतेक ठिकाणी रुळलेलं गणित. म्हणजे कागदावर ४५ तासिका आणि दोन-दोन तासांची १५ प्रात्यक्षिकं. जुलैत सुरू होणारं सत्र असेल तर यातून गणपती, दसरा, अंतर्गत परीक्षा आणि प्लेसमेंटमुळे वर्ग ओस पडतो ते दिवस वजा करा. माझ्या मते आखणी ३६ तासिका आणि १२ प्रात्यक्षिकं धरूनच करावी. वरचे तास मिळालेच तर ते मागे राहिलेलं भरून काढायला लागतात.

या ३६ तासांत काय काय कोंबता येईल हा प्रश्न बाजूला ठेवून, शेवटच्या तासानंतर मुलामुलींना काय करता आलं पाहिजे ते आधी लिहावं. ‘कोर्स आउटकम’ आपण सगळेच लिहितो, पण ‘विद्यार्थ्याला सर्व्हरसाइड तंत्रज्ञान समजेल’ हे वाक्य तपासायचं कसं? ‘पान उघडायला चार सेकंद लागत असतील तर ते कुठे गेले, हे विद्यार्थी मोजून दाखवेल’ हे तपासता येतं. मी अशी पाचच वाक्यं ठेवीन. उशीर कुठे होतो ते मोजणं. एकाच वेळी अनेकांनी वापरलं तरी न बिघडणारा डेटा सांभाळणं. एकाची माहिती दुसऱ्याला दिसणार नाही अशी परवानग्यांची व्यवस्था लिहिणं. माउसशिवाय आणि स्क्रीन रीडरवरही वापरता येईल असं पान बांधणं. आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून त्यात नेमका बदल करणं.

या पाचांत एकाही फ्रेमवर्कचं नाव नाही, आणि ते मुद्दामच. जावास्क्रिप्ट १९९५ची आहे आणि एचटीटीपी १.१ १९९७चं, दोन्ही आज रोजच्या वापरात आहेत. रेस्टची मांडणी रॉय फील्डिंग यांनी २०००मध्ये आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात केली, तीही टिकून आहे. त्यांच्यावर उभी राहिलेली साधनं मात्र बदलत राहतात. जेक्वेरी २००६मध्ये आली, अँग्युलरजेएस २०१०मध्ये, रिअ‍ॅक्ट २०१३मध्ये. यातल्या अँग्युलरजेएसची देखभाल २०२२च्या सुरुवातीला थांबलीसुद्धा. इकडे अभ्यासक्रम एकदा विद्यापरिषदेतून मंजूर झाला की काही वर्षं जागचा हलत नाही. म्हणून मंजुरीच्या कागदात ‘कंपोनंटवर आधारलेला यूजर इंटरफेस’ असं लिहावं आणि साधनाचं नाव आपल्या टीचिंग प्लॅनमध्ये घालावं, कारण तो दर सत्राला बदलता येतो. अभ्यासमंडळावर असलेल्यांनी एवढं पाळलं तरी पुढच्या शिक्षकावर मेलेलं साधन शिकवायची वेळ येणार नाही.

पहिले दोन आठवडे एकाच गोष्टीला द्यावेत, ती म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय घडतं. हे दुसऱ्या वर्षीच झालंय असं मुलं म्हणतात, पण तेव्हा ते आकृतीत झालेलं असतं. आता ते आकड्यांत करायचं. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन एका खेपेला किमान १२५ मिलिसेकंद, आणि हे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तर. आता खेपा मोजा. टीसीपीची जोडणी ही एक खेप. टीएलएस १.३ची चावी ठरवणं ही दुसरी. खरी मागणी आणि तिचं उत्तर ही तिसरी. उत्तराचा पहिला बाइट हाती यायच्या आत ३७५ मिलिसेकंद संपले, आणि डीएनएस यात धरलेलंच नाही. हे फळ्यावर मांडून झालं की लगेच ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडावा आणि मुलांना त्याच तीन पट्ट्या तिथे शोधायला लावाव्यात. एचटीटीपी ३मध्ये जोडणी आणि चावी ही दोन्ही कामं एकाच खेपेत का उरकली, याचं उत्तर मग मुलंच देतात. सर्व्हर परदेशातून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणला तर काय वाचेल आणि काय वाचणार नाही, हा त्या आठवड्याचा गृहपाठ.

प्रात्यक्षिकांचं काय? बारा सुटे प्रयोग, प्रत्येकाचं शीर्षक, उद्देश, कोड आणि आउटपुट जर्नलमध्ये चिकटवलेलं, ही पद्धत या विषयाला चालत नाही. वेबवरच्या बहुतेक अडचणी भाग एकमेकांना जोडताना येतात, सुट्या प्रयोगात त्या दिसतच नाहीत. म्हणून सत्रभर एकच प्रकल्प घ्यावा आणि दर आठवड्याला तो एक पाऊल वाढवावा. मी विभागाच्या ग्रंथालयाचं पुस्तक-आरक्षण घेईन. विषय सगळ्यांच्या ओळखीचा, पसारा बेताचा, आणि अवघड म्हणावं ते सगळं त्यात येतं. विदा मात्र खोटीच वापरावी. विद्यार्थ्यांचे खरे फोन नंबर प्रयोगासाठी टाकू नयेत, आणि त्याच निमित्ताने २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची ओळख करून द्यावी.

या प्रकल्पातला एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण सत्राचा कणा तोच आहे. एका पुस्तकाची शेवटची प्रत शिल्लक आहे. मुलांनी लिहिलेला कोड साधारण असा चालतो: शिल्लक प्रती वाचा, शून्याहून जास्त असतील तर आरक्षण नोंदवा, मग शिल्लक एकने कमी करून लिहा. एकट्याने वापरून पाहिलं तर बिनचूक. आता वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये मुद्दाम २०० मिलिसेकंदांची वाट पाहायला लावा आणि बॅचमधल्या वीस जणांना एकदम बटण दाबायला सांगा. एक प्रत आणि आरक्षणं सात-आठ! प्रयोगशाळेत गलका होतो, आणि व्हायलाच हवा.

मग एखादी विद्यार्थिनी नेमका प्रश्न विचारते: ‘सर, जावास्क्रिप्ट एकाच थ्रेडवर चालते ना? मग दोघं एकाच वेळी आत आलेच कसे?’ इव्हेंट लूप शिकवायची खरी वेळ ही. कोड ‘अवेट’पाशी थांबतो तेव्हा थ्रेड थांबत नाही, तो दुसऱ्याची मागणी हातात घेतो. पहिल्याने ‘शिल्लक १’ वाचून डेटाबेसची वाट पाहायला सुरुवात केली, तेवढ्यात दुसऱ्यानेही ‘शिल्लक १’ वाचून घेतलं. दोघांकडे आता तीच जुनी माहिती आहे. हे पटल्यावर चार ओळींचं कोडं द्यावं: आधी १ छापा, मग शून्य मिलिसेकंदांच्या सेटटाइमआउटमधून २, मग पूर्ण झालेल्या प्रॉमिसच्या ‘देन’मधून ३, शेवटी सरळ ४. उत्तर १, ४, ३, २ येतं. का, ते प्रत्येकाने कागदावर रांगा काढून दाखवायचं. संगणक बंद ठेवून.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. डेटाबेसला एकाच आज्ञेत ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एकने कमी कर’ असं सांगायचं आणि किती ओळी बदलल्या ते पाहायचं. शून्य ओळी बदलल्या तर प्रत संपली. किंवा ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ कुलूपबंद करून सगळं उरकायचं. दोन्ही करून घ्यावं आणि तोच वीस जणांचा हल्ला पुन्हा करावा. यासाठी दोन पूर्ण आठवडे गेले तरी मला ते महाग वाटत नाहीत.

महाराष्ट्रात शिकवत असू तर मराठी मजकूर प्रकल्पात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. पुस्तकांची आणि वाचकांची नावं देवनागरीत भरायला लावावीत, की प्रश्न आपोआप उभे राहतात. ‘क्षितिज’ या नावात वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला त्याची लांबी विचारली तर ७ सांगते, आणि यूटीएफ-८मध्ये ते २१ बाइट घेतं. यादीत जागा नाही म्हणून पहिली दोन ‘अक्षरं’ कापली तर हाती उरतो पाय मोडलेला ‘क्’. क्रमाचंही तसंच. जावास्क्रिप्टच्या साध्या सॉर्टने लावलं तर काळे हे आडनाव कासारच्या आधी येतं, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. भाषेनुसार क्रम लावणारं इंटल कोलेटर ब्राउझरमध्येच असतं. त्याला मराठी सांगून यादी पुन्हा लावावी आणि शब्दकोशाच्या क्रमाशी ताडून पाहावी. सरकारी पोर्टलपासून बँकेपर्यंत मराठी नावांची होणारी मोडतोड आपल्याच विद्यार्थ्यांनी थांबवायची आहे, त्यामुळे हा तास टाळू नये.

सुरक्षितता शेवटच्या युनिटात ठेवायची पद्धत मात्र मोडली पाहिजे. शेवटचं युनिट घाईत उरकतं, हे आपल्याला ठाऊक आहे. लॉगिन लिहिलं त्याच आठवड्यात सुरक्षितता यावी. ओवॅस्पच्या २०२१च्या ‘टॉप टेन’ यादीत पहिल्या क्रमांकावर परवानग्यांची ढिलाई होती, आणि ती दाखवायला काही लागत नाही. स्वतःची आरक्षणं दाखवणाऱ्या पत्त्यात शेवटी रोल नंबर असतो, तो एकने वाढवून एंटर दाबायचं. शेजारच्याची पुस्तकं दिसली तर कोड नापास. एसक्यूएल इंजेक्शन, क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग आणि पासवर्डचं हॅशिंग हेही याच प्रकल्पावर, बॅचमधल्या दुसऱ्या गटाने हल्ला करून शिकवावं. त्याआधी हे फक्त आपल्या प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर करायचं हे बजावून सांगावं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ आणि ६६खाली येतं.

फ्रेमवर्क सहाव्या-सातव्या आठवड्यात आणावं. तोवर मुलांनी हाताने डॉम बदलत पुस्तकांची यादी बांधलेली असते, आणि एका जागी शिल्लक बदलली की ती आणखी तीन जागी बदलायला विसरलेली असतात. त्या त्रासानंतर रिअ‍ॅक्टची ‘स्टेट’ काय सोडवते, ते एका तासिकेत समजतं. त्याच आठवड्यात एक तास सगळे माउस काढून ठेवावेत आणि फक्त टॅब, एंटर, एस्केपवर आरक्षण करून पाहावं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. डिव्हवर क्लिक लावून केलेलं ‘बटण’ त्याला बटण म्हणून कळतच नाही, हे एकदा कानांनी ऐकलं की विसरत नाही. रंगांसाठी डब्ल्यूसीएजीचा एए पातळीचा ४.५ : १ हा कॉन्ट्रास्टचा नियम पुरेसा आहे.

प्रयोगशाळेची तयारी सत्राआधी करून ठेवावी, नाहीतर पहिली दोन प्रात्यक्षिकं इन्स्टॉलेशनमध्येच जातात. अख्ख्या बॅचने एकदम एनपीएम इन्स्टॉल चालवलं की महाविद्यालयाचं इंटरनेट मान टाकतं. विभागातल्या एका संगणकावर व्हर्डाचिओसारखी स्थानिक रजिस्ट्री ठेवली तर पॅकेजं एकदाच बाहेरून येतात. लॉक फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे, म्हणजे सगळ्यांकडे तीच आवृत्ती येते. रॅम कमी असलेल्या यंत्रांवर डॉकरचा आग्रह धरू नये, एका सामायिक लिनक्स सर्व्हरवर प्रत्येक गटाला खातं द्यावं.

मूल्यमापन हा आता सगळ्यात नाजूक भाग झालाय. आख्खा प्रकल्प एआयकडून लिहून घेता येतो, तेव्हा नुसत्या चालणाऱ्या प्रकल्पाला गुण देण्यात अर्थ नाही. एआय वापरायला बंदी घालून ती पाळली जाणार नाही, म्हणून वापर खुला ठेवावा आणि गुण दुसऱ्या जागी न्यावेत. थोडे गिटच्या इतिहासाला, थोडे दुसऱ्या गटाच्या कोडवर लिहिलेल्या अभिप्रायाला, आणि सर्वांत जास्त तोंडी परीक्षेला. तोंडीत व्याख्या विचारू नयेत. विद्यार्थ्याला त्याच्याच प्रकल्पासमोर बसवून, इंटरनेट बंद करून, एक नियम द्यावा: ‘एका वाचकाला एका वेळी तीनच पुस्तकं राखता यावीत. वीस मिनिटांत करून दाखव.’ तो नियम फक्त ब्राउझरमध्ये टाकतो की सर्व्हरवर, आणि सर्व्हरवर टाकला तर दोन टॅब उघडून एकदम दाबल्यावर तो टिकतो का, एवढ्यात सत्रभराचं काम दिसतं. लेखी परीक्षेतही दहा ओळींचा कोड देऊन तो कधी चुकेल ते विचारावं. असे प्रश्न काढायला वेळ लागतो, पण पाठांतराने सुटत नाहीत.

इतकं केल्यावर ग्राफक्यूएल, मायक्रोसर्व्हिसेस, वेबअसेम्ब्ली, कुबरनेटीस यांना जागा उरत नाही. त्यांना सरळ वगळावं. वेबसॉकेटला मात्र एक तासिका द्यावी, कारण ‘तुमचं पुस्तक परत आलं’ हे वाचकाला तत्काळ कळवायला ते कामी येतं. शेवटच्या चार तासिका गटांकडे सोपवाव्यात. वगळलेल्यांतलं एक तंत्र गटाने निवडायचं, आपल्या ग्रंथालय-प्रकल्पाला जोडायचं, जोडण्याआधीची आणि नंतरची मापं वर्गापुढे ठेवायची आणि ते ठेवावं की काढावं हे सांगायचं. ‘काढावं’ असं आकड्यांनिशी सांगणाऱ्या गटालाही पूर्ण गुण मिळतील, हे पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकावं.