काडतूस घरी भरायचे व्हिडिओ बघताय? स्वस्तात नेमबाजी शिकायचा रस्ता दुसरा आहे

मोबाईलवर नेमबाजीचे दोन-चार व्हिडिओ बघितले की पुढे आपोआप अमेरिकेतले व्हिडिओ यायला लागतात. घराच्या गॅरेजमध्ये टेबलाला बसवलेला हातदाबाचा प्रेस, शेजारी रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा डबा आणि निवांत बसून काडतुसं भरणारा माणूस. विकतच्यापेक्षा निम्म्यात पडतं, असंही तो सांगतो. नेमबाजीची आवड असलेल्या पोराला वाटणारच, की हे आपल्यालाही जमेल.

जमेल की नाही हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडे परवान्याशिवाय हे केलं तर थेट तुरुंग आहे. आणि गंमत म्हणजे, आपल्या पोरांना जी नेमबाजी शिकायची असते तिला या काडतूस भरण्याचा जवळजवळ काही उपयोगच नाही.

आधी ते लोक काय करतात ते समजून घेऊ. काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की टोपी फुटते, दारू जळते, गोळी निघून जाते. मागे उरते ती पुंगळी, आणि चौघांत सहसा महाग तीच असते. नीट सांभाळली तर ती पुन्हा पुन्हा वापरता येते. बचत होते ती इथे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भरून विकायचं असेल तरच लागतो.

पण तिथेही हा पोरखेळ नाही. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटू शकते. दारू घालायची राहिली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरा बार काढला की नळी फुटायची भीती. पाच मिनिटांच्या व्हिडिओत हे दिसत नाही.

आता आपला कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला, विकायला वेगळा परवाना लागतो. घरात बंदुकीचा परवाना आहे म्हणजे काडतूस बनवायची मुभा मिळाली, असं होत नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा त्यातच धरली आहेत. म्हणजे ऑनलाइन बघून परदेशातून प्रेस मागवायचा विचार असेल, तर एक गोळी न भरतासुद्धा अडचणीत याल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे, वर दंड वेगळा. "मी फक्त सरावासाठी करत होतो" हे सांगून ती टळत नाही.

रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याच्या मनातही हा विचार येऊ शकतो. शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहे. अर्ज करायचा तर तो रस्ता धरावा. परवानाधारकाला काडतुसांबाबत शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं. गावातल्या जाणकाराच्या तोंडी सल्ल्यावर राहू नये.

आता काडतूस भरण्याचा उपयोग का नाही ते बघू. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात. यात पॉइंट टू-टू काडतूस वापरतात. या काडतुसाला बुडाच्या मध्यात वेगळी टोपी नसते. ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते. एकदा कड चेपली की पुंगळीचं काम संपलं. त्यामुळे अमेरिकेत घरी काडतुसं भरणारी मंडळीही टू-टूच्या पुंगळ्या सहसा भंगारातच टाकतात.

मग गरिबाच्या पोरानं करायचं काय? एअर रायफल. जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी हातात घेतली आहे, त्याच जातीची. दारू नाही, टोपी नाही, दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सुटतो. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्युलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. घेताना अधिकृत दुकानातून घ्या, ओळखपत्र द्या, ताकद लिहिलेली पावती जपून ठेवा. ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, कारण मर्यादा ओलांडली की परवान्याचा प्रश्न आलाच. आणि पक्षी-ससे मारायला ती वापरू नका, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

ही खेळण्यातली गोष्ट आहे असं समजू नका. १० मीटर एअर रायफल हा ऑलिम्पिकचा खेळ आहे. दहा मीटरवरच्या निशाणीचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, पेनाच्या टोकाएवढा. पात्रता फेरीत ६० नेम असतात. घराच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंत दहा मीटर सहज निघतात, त्यामुळे जागेचा प्रश्न बहुतेकांना येत नाही.

मात्र निशाणीच्या मागे दगडी भिंत किंवा पत्रा ठेवू नका, छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो. लाकडी खोक्यात जुन्या चिंध्या गच्च कोंबून त्यापुढे कागद लावा. त्या दिशेला दार, वाट, जनावरं नकोत. चष्मा लावा. शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

सगळ्यात स्वस्त सराव तर छर्ऱ्याशिवायचाच आहे. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून रायफल खांद्याला लावायची, श्वास सोडत नेम धरायचा आणि ती किती वेळ स्थिर राहते ते बघायचं. मोठे नेमबाजही हा कोरडा सराव रोज करतात. फक्त स्प्रिंगच्या साध्या एअर रायफलचा घोडा छर्रा न घालता ओढू नका, आतला पिस्टन खराब होतो. तिच्यावर नुसतं धरण्याचा सराव करा.

टू-टूच चालवायची असेल तर शाळा-कॉलेजात एनसीसी आहे का बघा. तिथे कॅडेटला देखरेखीखाली फायरिंग मिळतं, काडतुसाचा खर्च घरच्यांवर येत नाही. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. तिच्या प्रवेश चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. जिल्हा रायफल असोसिएशनचं सभासद झालात तर रेंज आणि प्रशिक्षक मिळतो, आणि जिल्हा, राज्य असं करत पुढे मावळंकर स्पर्धेपर्यंत जाता येतं. हे मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली त्यात त्यांचा मोठा वाटा होता.

पहिल्याच दिवशी महागडी रायफल, जाड जॅकेट घेऊन पैसे अडकवू नका. बऱ्याच रेंजवर क्लबची रायफल वापरायला मिळते. दोन-तीन महिने तिच्यावर काढा, पोराची आवड टिकतेय का ते बघा, आणि मगच दुकानात जा.