पहिल्या कादंबरीचं पॅकेज घेण्याआधी हा हिशेब करा

या आठवड्याच्या व्हिडिओत आकडे स्क्रीनवरून भराभर पळाले, म्हणून इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

प्रश्न आला होता तामलवाडीहून. सोलापूरहून तुळजापूरला जाताना टोलनाका लागतो ना, तेच गाव. "सर, कादंबरी लिहून झाली, 240 पानं. एक कंपनी 75 हजारांत सगळं करून देते म्हणते. भरू का?"

मी उलट एकच विचारलं. कव्हरची आणि आतल्या पानांची ओपन फाइल कुणाकडे राहणार? त्याला माहीत नव्हतं. पॅकेज घेणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं, आणि खरा पैसा तिथेच अडकतो. कसा, ते बघू.

खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या प्रेसचं कोटेशन आणून ते बदला. समजा मुद्रितशोधनाला 12 हजार, मुखपृष्ठाला 6 हजार, अक्षरजुळणी आणि पानांच्या मांडणीला 5 हजार. झाले 23 हजार. हा खर्च एकदाच होतो. आता 300 प्रती छापल्या, एका प्रतीला 110 रुपये, म्हणजे 33 हजार. एकूण 56 हजार गुंतले.

पुस्तकाची किंमत ठेवली 300 रुपये. यातल्या 50 प्रती फुकट जाणार हे आधीच धरा. अभिप्रायासाठी, कायद्याने द्यायच्या, आणि ज्या मामांना पैसे मागता येत नाहीत त्यांच्यासाठी. 150 प्रती तुम्ही थेट विकल्या, पाठवणीचे 50 गेले, प्रत्येकी 250 हातात, म्हणजे 37,500. उरलेल्या 100 दुकानदाराला 40 टक्के सूट देऊन दिल्या, 180 प्रमाणे 18 हजार. एकूण जमा 55,500.

एकही प्रत घरात उरली नाही, तरी 500 रुपये तोटा!

घाबरू नका, पुढचं बघा. पुन्हा 300 प्रती काढल्या. शोधन, कव्हर, मांडणी झालेलीच आहे. फक्त छपाईचे 33 हजार. 150 थेट आणि 150 दुकानातून गेल्या, तर 64,500 जमा. हातात 31,500 उरले. म्हणजे पहिल्या छपाईत तुम्ही मशीन विकत घेतलं, दुसऱ्या छपाईत ते कमावतं. आणि हे मशीन म्हणजे ती ओपन फाइल. ती कंपनीकडे राहिली तर दुसऱ्या वेळी तिच्याच दारात, तिच्याच दराने जावं लागतं. म्हणून करारात लिहून घ्या: सगळ्या फाइल माझ्या ताब्यात, हक्क माझे, आणि किती छापले, किती विकले याचा हिशेब ठरलेल्या तारखेला. एवढं लिहून द्यायला कुणी का-कू करत असेल तर 75 काय, 25 हजारही देऊ नका.

एक हजार प्रती काढल्या तर प्रत स्वस्त पडते, असं प्रेसवाला सांगेल. खरं आहे त्याचं. पण दिवाणाखालच्या 700 प्रती हा अडकलेला पैसा आहे, आणि पावसाळ्यात वाळवीला साहित्याची फार आवड असते. ज्यांना तेवढंही गुंतवायचं नाही, त्यांच्यासाठी मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्या पोथी डॉट कॉमसारख्या सेवा आहेत. प्रत महाग पडते, पण साठा शून्य.

फाइलचा विषय निघालाच आहे तर फॉन्टचंही ऐका. अनेक प्रेसमध्ये अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालतं. कागदावर ते सुरेख दिसतं. पण उद्या किंडलवर ई-बुक काढायला गेलात की अक्षरांचा भुगा होतो, आणि रूपांतर केलं तरी जोडाक्षरं तुटतात, सगळं पुन्हा तपासावं लागतं. काम युनिकोडमध्येच हवं, हे पहिल्या दिवशी सांगा. शोधन करणाऱ्यालाही एक सांगा: निवेदन शुद्ध कर, पण पात्रांच्या तोंडचं 'काय करायलास?' हे 'काय करतो आहेस?' करू नकोस. आपल्या भागातल्या वाचकाला त्याच बोलीत आपलं घर दिसतं.

आता विकणार कोण? आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले शरद तांदळे बघा. इंजिनिअर, पुण्यात कंत्राटदार झाले, 2013 मध्ये लंडनला युवा उद्योजक म्हणून गौरव झाला. त्यांनी 'रावण - राजा राक्षसांचा' ही कादंबरी स्वतःच्या न्यू एरा पब्लिशिंग हाऊसकडून काढली. धंदा करणारा माणूस प्रकाशक झाला आणि त्याची भाषणं ऐकणारे लोक वाचक झाले. दुसरे अमीश त्रिपाठी. मुंबईत विमा कंपनीत नोकरी, पहिली कादंबरी वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारली. 2010 मध्ये ती एजंटच्या मदतीने स्वतःच काढली. पण त्याआधी पहिलं प्रकरण छापून पुस्तकांच्या दुकानांतून फुकट वाटलं. चव बघा, आवडलं तर घ्या. मिठाईवाला वेगळं काय करतो?

तुमच्याकडे ना भाषणं ना मुंबईची दुकानं. ठीक आहे. वहीत नावं लिहा: शाळेतले शिक्षक, कॉलेजचे मित्र, पुण्याला कामाला गेलेली गावची पोरं, नातेवाईक. पहिलं प्रकरण पीडीएफ करून त्यांना पाठवा, आणि आठ दिवसांनी फोन करून आगाऊ नोंदणीचे पैसे मागा. 'छान आहे' म्हणणारे मोजू नका, पैसे पाठवणारे मोजा. 60 जणांनी पाठवले तर 150 प्रती छापा. सहाच जणांनी पाठवले तर छपाई थांबवा आणि पहिलं प्रकरण पुन्हा वाचा.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी गर्दी तामलवाडीवरूनच पुढे जाते. तिथे स्टॉल लावू का, असंही विचारलंय. माझं मत विचाराल तर नको. थकून चाललेल्या माणसाला पाणी आणि केळं हवं असतं. ती रात्र कादंबरीत घाला, विक्रीत नको. विक्रीसाठी पुस्तक बघायलाच आलेला माणूस हवा. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तसल्या ठिकाणच्या ग्रंथप्रदर्शनात दोघा-तिघा लेखकांनी मिळून एक गाळा घेता येतो.

कागदपत्रांना फार वेळ लागत नाही. आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्याचे वेगळे पैसे लावणाऱ्याला कशाचे ते विचारा. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी ऐच्छिक, शुल्क 500 रुपये. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. आणि 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. प्रकाशक तुम्ही, म्हणजे हे कामही तुमचंच.

आणि हे छपाईला पैसे भरण्याआधी बघा: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना चालवतं. तिथे हस्तलिखित लागतं. छापून मोकळे झालात की त्या पुस्तकासाठी तो रस्ता बंद. तामलवाडीच्या मित्राला मी हेच सांगितलंय: कंपनीला होय-नाही काहीच कळवू नकोस, आधी मंडळाचं संकेतस्थळ उघडून या वर्षीची जाहिरात आणि शेवटची तारीख बघ.