कणांचा मारा

अकोल्याच्या दालमिलमध्ये तुरीचं टरफल सोलतो तो कार्बोरंडम. लोखंडी रोलवर त्याच्या कणांचा खरबरीत थर चढवलेला असतो. हेच कण बारीक चाळून हवेच्या झोतात सोडले, की टरफलाऐवजी गंज सोलतात. अशा कामाची मोठी यंत्रं कारखान्यांत असतात; पण आता हातात मावणारी, वर कणांचं भांडं बसवलेली गन घरामागच्या टिनाच्या शेडपर्यंत पोचली आहे.

कल्पना जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं. छोट्या गनमध्ये हवा वेगाने पुढे निघते, मागे ओढ तयार होते आणि भांड्यातले कण खेचले जातात. कण कोणता, यावर काम ठरतं. ॲल्युमिनियम ऑक्साईडचे कण अणकुचीदार. ते धातू ओरबाडून खरखरीत करतात. काचेचे गोल मणी ठोकून मंद चमक आणतात. दाताच्या कॅप बनवणाऱ्या प्रयोगशाळांत अशीच टेबलावरची पेटी असते, तिच्यातले कण बहुधा ५० मायक्रॉनच्या आसपासचे.

गन स्वस्त मिळते. महाग पडते ती हवा. एक एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम तीन-चार सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो, गनची भूक त्याहून मोठी असते. मग टाकी भरेपर्यंत हात चोळत बसायचं. त्यात नोझल स्वतःच झिजतं. ३ मिमीचं भोक ४ मिमीचं झालं, की हवा पावणेदोन पटीहून थोडी जास्तच लागते. काम मंदावलं म्हणून लोक कॉम्प्रेसरला शिव्या देतात, बदलायचं असतं ते नोझल.

नक्षीचं काम मात्र थोड्या हवेत भागतं. स्टीलच्या डब्यांवर आहेराची नावं घालणारा विजेचा पेन मिनिटाला साधारण ६,००० ठोके देत एकेक अक्षर कोरतो. झोताने तांब्याच्या लोट्यावर गणपती काढायचा, तर नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमचा स्टेन्सिल कापून आणावा, चिकटवावा आणि कमी दाबाने झोत फिरवावा. लवचीक रेडियमवरून कण उसळून जातात, उघडा धातू क्षणात पांढुरका होतो. जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर या झोताखाली धरणं हे मात्र शहाणपणाचं नाही. छिद्रांत अडकलेला एखादा कण पुढे इंजिनात जातो.

आणि वाळू? ती फुकट मिळते, म्हणून तर मोह होतो. वाळूतला क्वार्ट्झ फुटून जी धूळ होते ती फुफ्फुसात रुतते, तिथे व्रण होतात आणि ते बरे होत नाहीत; हाच सिलिकोसिस. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव लोखंड वगैरे साफ करताना वाळू वापरायला बंदी घातली. भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस कळवणं सक्तीच्या रोगांत धरला. घरामागच्या शेडमध्ये मात्र कुणी निरीक्षक येत नाही. तोंडाला बांधलेला दुपट्टा ही धूळ अडवत नाही. हातमोजे बसवलेली बंद पेटी, धूळ ओढणारा पंखा आणि घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क लागतो. गनसोबत यांतलं काहीच येत नाही.

वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यावर चालणारा पंप किंवा फवारणीचा सांगाडा गंजतो, तेव्हा क्षार खड्ड्यांच्या तळाशी बसलेले असतात. झोत मारून धातू चकचकीत दिसतो, पण क्षार पूर्ण निघत नाहीत, आणि रंगाखाली पुन्हा फोड येतात. म्हणून आधी धुवायचं, तेही बोअरच्या पाण्याने नाही. अकोला शहरात नळाला महानच्या काटेपूर्णा धरणाचं गोडं पाणी येतं. गावात ते कुठूनतरी आणावं लागतं.

मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात साफ केलेलं लोखंड रंगासाठी बराच वेळ थांबतं. जुलैत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, कण गोळा होऊन नोझल तुंबतं, आणि पांढरं झालेलं लोखंड काही तासांतच तांबूस दिसू लागतं. त्या दिवसांत प्राइमरचा डबा आधी उघडून ठेवतात.