सेफ्टी रेझर : महागड्या धातूची किंमत वसूल होते का?

नवी दिल्ली : दुधारी सुटे पाते बसवून वापरायचा धातूचा सेफ्टी रेझर आज काहीशे रुपयांना मिळतो, तसाच तो वीस हजार रुपयांच्या पुढेही मिळतो. दोघांची रचना जवळजवळ सारखी असते, दोघांत बसणारे पाते एकच असते आणि कामही एकच. तरीही किमतीत वीस-तीस पटींचे अंतर पडते आणि त्याचे कारण म्हणून विक्रेते धातूचे नाव पुढे करतात. जस्ताचा मिश्रधातू, पितळ, स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियम अशी ही चढती भाजणी आहे. महागडा धातू दाढी अधिक चांगली करतो की रेझर केवळ अधिक काळ टिकवतो, हे समजून घेतल्याशिवाय ही किंमत योग्य आहे की नाही, ते ठरवता येत नाही.

थोडक्यात उत्तर असे की, दाढी किती तुळतुळीत होईल हे पात्याची धार आणि रेझरच्या डोक्याची घडण ठरवते. रेझर किती वर्षे चालेल आणि हातात कसा वाटेल, हे धातू ठरवतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ग्राहकाचे पैसे वाया जाण्याची शक्यता वाढते.

धारेचे काम कोणाचे?

सेफ्टी रेझरचे मुख्य भाग तीन : वरची टोपी, तिच्याखालची तळपट्टी आणि दांडा. टोपी व तळपट्टी यांच्यामध्ये पाते दाबून धरले जाते. पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. ते साधारण १३ टक्के क्रोमियम असलेल्या कठीण पोलादाचे बनते आणि त्याच्या धारेवर घर्षण कमी करणारा पातळ लेप दिलेला असतो. केस कापते ते हे पाते. रेझरचा धातू केसापर्यंत धार घेऊन जाणाऱ्या पकडीचे काम करतो.

ही पकड मात्र महत्त्वाची असते. धार टोपीच्या आणि तळपट्टीच्या कडेपासून किती बाहेर येते, तिच्याखाली किती फट राहते, पाते धारेच्या किती जवळ घट्ट धरले जाते आणि ते कोणत्या कोनात त्वचेला भिडते, यांवर दाढीचा अनुभव अवलंबून असतो. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकही चेहऱ्याला जाणवतो. फट आणि धारेचा उघडेपणा वाढला की रेझर तिखट होतो; कमी झाला की सौम्य. पाते सैल बसले तर ते केसावर थरथरते आणि त्वचा चुरचुरते. हे सारे आकाराचे गुण आहेत. तोच आकार तितक्याच अचूकपणे जस्तात, पितळेत किंवा पोलादात उतरवला, तर धारेला त्या धातूंमधला भेद कळण्याचे कारण नाही.

पात्याचे पोलाद किती निर्णायक असते, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. केस पोलादाच्या तुलनेत सुमारे ५० पट मऊ असूनही दाढीचे पाते बोथट का होते, याचा शोध त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. केस तिरपा होऊन धारेला विशिष्ट ठिकाणी भिडला आणि तेथील पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसली, तर धारेचा बारीक टवका उडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दाढीच्या दृष्टीने ज्या धातूचा कस लागतो, तो काही रुपयांच्या पात्यात असतो. अशा पात्यांची भारतात कधी वाण पडलेली नाही. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेली ‘सुपरमॅक्स’ची पाती अनेक दशके देशभर वापरली गेली.

शंभर वर्षांपूर्वीचा दाखला

धातूच्या टिकाऊपणाचा पुरावा इतिहासातही सापडतो. किंग कॅम्प जिलेट यांच्या कंपनीने १९०३ मध्ये विक्री सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले ते नोव्हेंबर १९०४ मध्ये. पातळ पोलादी पट्टीला कठीणपणा आणून धार लावण्याची अवघड तांत्रिक बाजू विल्यम निकरसन या अभियंत्याने सांभाळली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर पुरवले गेले आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय त्यांच्याबरोबर घरोघरी पोहोचली.

त्या काळातील रेझर प्रामुख्याने पितळेचे असत आणि त्यांवर निकेल, चांदी किंवा सोन्याचा मुलामा असे. सोन्याच्या मुलाम्याचा संच भेट म्हणून मिरवण्याचा, तर निकेलचा रोजच्या वापराचा. मुलामा बदलला तरी पात्याची पकड बदलत नसे. त्या पिढीतील पितळी रेझर आजही संग्राहकांकडे चालू स्थितीत आहेत. पितळ ही काही दुर्मीळ धातूंत गणली जाणारी वस्तू नव्हे. तरी तिने शंभर वर्षे निभावली.

चार धातू, चार स्वभाव

आज स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक रेझरांचे डोके ‘झॅमॅक’ नावाच्या मिश्रधातूचे असते. त्यात मुख्यतः जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम व तांबे असते. तो ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. त्यामुळे पोलादी साच्यात दाबाने ओतून हजारो नग झटपट तयार करता येतात. साचा महाग असतो, परंतु एक नग स्वस्त पडतो. नामांकित युरोपीय कंपन्यांचे अनेक लोकप्रिय रेझरही याच पद्धतीने बनतात आणि उत्तम दाढी करतात.

झॅमॅकची कमजोरी पाण्यात आहे. जस्त सहज गंजते, म्हणून त्यावर तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम असे पातळ थर चढवले जातात. हा मुलामा शाबूत आहे तोवर काही बिघडत नाही. रेझर फरशीवर पडून कड दुखावली, किंवा क्षार काढण्यासाठी तो लिंबाच्या रसात वा व्हिनेगरमध्ये भिजत ठेवला, तर पाणी आतल्या जस्तापर्यंत पोहोचते. मग पांढरी भुकटी दिसू लागते आणि मुलामा फुगून सुटतो. टोपीचा आट्यांचा खिळा जस्ताचाच असेल, तर जोराने आवळल्यावर किंवा पडल्यावर तो तुटतो. बहुतेक स्वस्त रेझर निकामी होतात ते येथेच, आणि त्यावर दुरुस्ती नसते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो यंत्रावर सहज कातला जातो, आटे स्वच्छ पडतात आणि मुलामा उडाला तरी आतला धातू चुरा होऊन पडत नाही. तो काळवंडतो आणि घासला की पुन्हा उजळतो. मुलामा पुन्हा चढवूनही घेता येतो.

उंची रेझरांत वापरले जाणारे स्टेनलेस स्टील बहुधा ‘३१६ एल’ या प्रतीचे असते. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. मॉलिब्डेनममुळे खारट पाण्याने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना अटकाव होतो. येथे मुलामाच नसल्याने तो उडण्याचा प्रश्न येत नाही. मात्र हे पोलाद चिवट असते. ते कातायला वेळ लागतो, हत्यारे झिजतात आणि झिलई देण्यास श्रम पडतात. किंमत वाढते ती मुख्यतः या कामामुळे. कच्च्या मालाचा वाटा त्यात लहान असतो.

टायटॅनियम १६६८ अंशांना वितळते. ते गंजत नाही, पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे असते आणि शरीराला मानवते, म्हणून अस्थिरोपणातही वापरले जाते. पण कातताना उष्णता हत्यारापाशीच साठत असल्याने त्यावरचे काम मंद आणि खर्चिक होते. शिवाय टायटॅनियमचे आटे टायटॅनियमच्याच आट्यांत घासले की अडकून बसण्याची प्रवृत्ती दाखवतात. स्टेनलेस स्टीलमध्येही हा दोष असतो. विमानासाठी असलेले हे गुण न्हाणीघरात फारसे कामी येत नाहीत.

हातातला फरक

धातूचा सर्वांत थेट जाणवणारा परिणाम वजनाचा. १२ घन सेंटिमीटर धातू लागणारा एकाच आकाराचा रेझर निरनिराळ्या धातूंत बनवला, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ३२ ग्रॅम, टायटॅनियमचा ५३, झॅमॅकचा ८०, स्टेनलेस स्टीलचा ९६ आणि पितळेचा १०० ग्रॅमच्या थोडा वर भरेल. जड रेझर स्वतःच्या वजनाने सरकतो आणि हाताने दाब द्यावा लागत नाही, असे अनेकांना वाटते. काहींना हलका रेझर ओठावर व हनुवटीखाली वळवणे सोपे जाते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. ही सवयीची बाब आहे. लक्षात घेण्यासारखे इतकेच की, वजनाच्या बाबतीत पितळ पोलादाच्या बरोबरीचे आहे आणि सर्वांत महाग टायटॅनियम सर्वांत जड नाही.

एकाच आकाराची दोन धातूंत तुलना करण्याची संधी कॅनडातील ‘रॉकवेल’ या कंपनीच्या दोन रेझरांत मिळते. एक क्रोमचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या मिश्रधातूचा, दुसरा स्टेनलेस स्टीलचा. दोघांबरोबर १ ते ६ अशा क्रमांकांच्या, क्रमाने तिखट होत जाणाऱ्या तळपट्ट्या येतात. स्टीलचा रेझर साधारण दुप्पट महाग आहे. परंतु दाढीतला मोठा फरक पडतो तो १ आणि ६ या तळपट्ट्यांमध्ये.

हेही ध्यानात ठेवावे लागते की, स्टेनलेस स्टील म्हटले म्हणजे यंत्रावर अचूक कातलेला नगच असेल, असे नाही. काही रेझर धातूची भुकटी साच्यात भरून, नंतर भट्टीत भाजून घडवले जातात. भाजताना नग १५ ते २० टक्क्यांनी आकसतो. त्यामुळे अचूकपणा धातूच्या नावापेक्षा कारखान्याच्या काटेकोरपणावर अवलंबून राहतो.

वीस वर्षांचा हिशेब

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. समजा, झॅमॅकचा रेझर ८०० रुपयांचा आहे आणि वीस वर्षांत तो तीनदा घ्यावा लागला, तर खर्च २,४०० रुपये. पितळेचा ३,००० रुपयांचा, स्टीलचा ८,००० रुपयांचा आणि टायटॅनियमचा २५,००० रुपयांचा रेझर एकदाच घेतला, असे धरू. झॅमॅकच्या तुलनेत पितळेला वर्षाकाठी ३० रुपये, स्टीलला २८० रुपये आणि टायटॅनियमला १,१३० रुपये अधिक पडतात. चार रुपयांचे एक पाते चार दाढ्यांना पुरले आणि वर्षात २०० दाढ्या झाल्या, तर पात्यांचा खर्च वर्षाला २०० रुपये होतो. म्हणजे स्टीलसाठी मोजलेली जादा रक्कम पात्यांच्या खर्चाहून थोडी अधिक आहे, तर टायटॅनियमची जादा रक्कम त्याच्या पाचपटीहून अधिक आहे.

‘एकदाच घ्या, आयुष्यभर वापरा’ हा दावा स्टीलच्या बाबतीत खोटा नाही. परंतु त्यातून पैशांची बचत होते, हे या हिशेबात बसत नाही. बचतीच्या सर्वांत जवळ जाते ते पितळ.

कोणी काय घ्यावे?

नवशिक्याने स्टीलपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. आपल्या त्वचेला सौम्य रेझर मानवतो की तिखट, हे कळेपर्यंत झॅमॅकचा चांगल्या घडणीचा रेझर पुरेसा आहे आणि निरनिराळी पाती वापरून पाहणे अधिक फायद्याचे आहे. जिथे कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी येते किंवा किनारपट्टीची खारी हवा आहे, तिथे मुलाम्याचे आयुष्य घटते; अशा ठिकाणी पितळ किंवा स्टीलवरचा खर्च सार्थकी लागतो. निकेलची ॲलर्जी असलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. क्रोम झिजले की खालचे निकेल त्वचेला लागते. स्टीलमधील निकेल घट्ट बांधलेले असल्याने फारच कमी बाहेर येते, तरी तीव्र त्रास असणाऱ्यांसाठी टायटॅनियमला खरे कारण उरते. इतरांसाठी ती हौस आहे, आणि हौस म्हणून ती घेण्यास हरकत नाही.

खरेदी करताना ‘संपूर्ण धातूचा’ किंवा ‘क्रोम फिनिश’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये. त्यांचा अर्थ बहुधा झॅमॅक असाच असतो. काही रेझरांचा दांडा स्टीलचा आणि डोके जस्ताचे असते, म्हणून डोक्याचा धातू स्वतंत्रपणे विचारावा. चुंबक लावून पाहण्याचा उपाय येथे चालत नाही, कारण झॅमॅक, पितळ, टायटॅनियम आणि ३१६ एल स्टील यांपैकी कोणालाच तो नीट चिकटत नाही. वापरानंतर रेझर उघडून धुणे, कोरडा करणे, आटे हलक्या हाताने आवळणे आणि त्याला आम्लात न बुडवणे, एवढी निगा राखली तर आठशे रुपयांचा रेझरही अपेक्षेपेक्षा बरीच वर्षे सेवा देतो.