कळशीभर पाण्यातलं चिमूटभर मीठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समुद्राच्या पाण्याने भरलेली दहा लिटरची एक कळशी डोळ्यांसमोर आणा. तिच्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळलेलं असतं. त्यातून एक चिमूट, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा कमी केला, तर चव घेऊन कुणाला कळेल? कुणालाच नाही. अंटार्क्टिकाला लागून असलेल्या रॉस समुद्रात 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत, दर दहा वर्षांना, पाण्याचा खारटपणा साधारण एवढाच उतरत गेला. हे कळलं कसं?

त्याआधी, एवढ्याशा मिठाची फिकीर का करायची ते पाहू. थंड पाणी जड असतं, हे आपण शाळेत शिकलो. पण गोठायच्या बेताला आलेल्या समुद्रात तापमानातल्या थोड्याफार फरकाने पाण्याच्या वजनात फारसं काही होत नाही. तिथे जड कोण, हलकं कोण, हे मीठच ठरवतं. खंडावरून सुटणारे बोचरे वारे किनाऱ्याजवळ समुद्र गोठवतात. गोठताना पाणी आपलं बहुतेक मीठ बाहेर टाकतं. ते खारट, जड पाणी खाली बसतं आणि महासागराच्या तळातून उत्तरेकडे निघतं, बरोबर प्राणवायू घेऊन. कोकणात घामाच्या धारा लागलेल्या असताना अरबी समुद्राच्या अगदी तळाशी पाणी दीड-दोन अंशांचं असतं, ते या दक्षिणेच्या पुरवठ्यामुळे. मीठ कमी पडलं की हा पुरवठा मंदावतो.

आता मोजणी. तिथे जायला बर्फ फोडणारं जहाज, म्हणजे आइसब्रेकर लागतं. ते बर्फाला धडक देऊन फोडतं असा आपला समज असतो. खरं तर ते पुढचं तोंड बर्फावर चढवतं आणि आपल्या वजनाने तो मोडतं. अमेरिकेचं ‘नॅथॅनियल बी. पामर’ हे 1992 मध्ये कामाला लागलेलं जहाज मीटरभर जाडीच्या बर्फातून असं वाट काढू शकत असे.

ठरलेल्या ठिकाणी जहाज थांबतं. तारेला बांधलेली एक गोल चौकट पाण्यात सोडतात. तिच्यावर चोवीसेक लांबट बाटल्या, दोन्ही तोंडं उघडी. मध्ये तापमान, दाब आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र. पाणी जितकं खारट तितकी वीज त्यातून सहज जाते. चौकट तळापर्यंत उतरते आणि वर येताना जहाजावरून इशारा दिला की एकेका खोलीवर एकेक बाटली मिटते. चार किलोमीटर खोलीला यात तीन-चार तास जातात. बर्फाचा तुकडा तारेवर घासू नये म्हणून तेवढा वेळ पहारा. चौकट वर आली की तिला घाईने उबदार खोलीत ओढायचं. बाहेरच्या वाऱ्यात बाटल्यांतलं पाणी आणि नाजूक यंत्र दोन्ही गोठतात.

यंत्राचा आकडा मिळाला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाहीत, आणि मला विचाराल तर खरं शास्त्र इथे आहे. यंत्रं सरकतात, जशी वाण्याची तागडी सरकते. म्हणून बाटलीतलं पाणी काचेच्या कुपीत घेतात. कुपी आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. मग ती प्रयोगशाळेच्या तापमानाला येईपर्यंत ठेवायची आणि प्रमाणित पाण्याशी ताडून पाहायची. हे प्रमाणित पाणी उत्तर अटलांटिकमधून घेतलेलं असतं. पूर्वी ते कोपनहेगनहून सीलबंद होऊन जगभर जाई, 1970 च्या दशकापासून इंग्लंडहून जातं. सगळ्या देशांच्या जहाजांचं माप एकच असल्यामुळे 1960 चा आकडा 2000 च्या आकड्यापुढे ठेवता येतो.

मग हे गोडं पाणी आलं कुठून? बोट दाखवलं जातं ते पूर्वेच्या अमुंडसेन समुद्राकडे. तिथे 1994 मध्ये ‘पामर’वरच्या मंडळींना पाइन आयलंड हिमनदीच्या पुढ्यात, खोलवर, गोठणबिंदूपेक्षा जवळजवळ चार अंशांनी उबदार पाणी सापडलं. ते हिमनदीच्या तरंगत्या टोकाला खालून खात होतं. 2009 मध्ये तेच जहाज पुन्हा तिथे गेलं. वितळण्याचा वेग सुमारे दीडपट झाला होता. किनाऱ्यालगतचा प्रवाह हे वितळलेलं पाणी पश्चिमेला, रॉस समुद्राकडे नेतो.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण 2014 नंतरच्या चार वर्षांत रॉस समुद्राचा खारटपणा एकदम परत वर चढला. वारे बदलले होते, किनाऱ्याजवळ जास्त बर्फ धरला गेला आणि जास्त मीठ खाली उतरलं. अमुंडसेनकडचं वितळणं मात्र थांबलेलं नव्हतं. त्यामुळे बाटल्यांची ती चौकट अजूनही त्याच ठिकाणी, त्याच खोलीवर उतरवावी लागते.