दोन दरोडेखोर आणि एक सायकल

वेस्टर्न सिनेमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धुळीचा रस्ता, दोन टोकांना उभे असलेले दोन नेमबाज, पिस्तुलाजवळ थबकलेली बोटं. आधी गोळी कोण झाडतो, एवढाच प्रश्न. आता असा एक वेस्टर्न बघा, ज्यातले हिरो संकट दिसलं की चक्क पळत सुटतात. आणि पळतच राहतात. जवळपास अर्धा तास!

‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ हा १९६९चा सिनेमा. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, पटकथा विल्यम गोल्डमन यांची. पॉल न्यूमन म्हणजे बुच. टोळीचं डोकं, भयंकर बोलघेवडा. रॉबर्ट रेडफर्ड म्हणजे सनडान्स. बोलणं कमी, नेम पक्का. ही दोन्ही माणसं खरोखर होऊन गेली. अमेरिकेत बँका आणि रेल्वे लुटायच्या, हा त्यांचा धंदा. सिनेमाने अर्थातच त्यात आपला मसाला घातलाय. जय-वीरूची जोडी आवडत असेल तर या दोघांशी तुमची दहा मिनिटांत गट्टी जमेल.

सुरुवातीलाच एक भारी सीन आहे. गावातला मार्शल लोकांना गोळा करून सांगतोय की, चला, या दरोडेखोरांच्या मागावर जाऊ. कोणी जागचं हलत नाही. ज्यांना पकडायचंय ते दोघं समोरच्याच बाल्कनीत बसून मजा बघतायत! तेवढ्यात एक सेल्समन पुढे येतो आणि त्याच आयत्या गर्दीला सायकल विकायला लागतो. म्हणे, घोड्याचे दिवस संपले. आपण हसतो आणि विसरतो. दुसऱ्या दिवशी बुच तीच सायकल चालवतो, सनडान्सच्या मैत्रिणीला, एटाला, पुढे बसवून. ते गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणारच. त्याला ऑस्करही मिळालं.

मग येतो तो पाठलाग. रेल्वेवरचा दरोडा सुरू आहे, तिजोरी फोडायला डायनामाइट जरा जास्तच लागलंय, नोटा हवेत उडतायत आणि टोळी हसत हसत त्या वेचतेय. इतक्यात मागून दुसरी गाडी येते. डब्याचं दार उघडतं आणि आतून घोडेस्वार थेट बाहेर उड्या टाकतात. इथून पुढे संगीत बंद. दिवसा लांबवर धूळ, रात्री हलणारे दिवे. चेहरे आपल्याला कधीच दिसत नाहीत. बुच एकेक युक्ती काढतो, ती फसते, आणि दोघं पुन्हा तोच प्रश्न विचारतात, ही माणसं आहेत तरी कोण? खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बघताना इथे मी दोनदा मोबाइल हातात घेतला होता. दुसऱ्यांदा बघताना मात्र घशाला कोरड पडली. कारण उत्तर नंतर कळतं. रेल्वेच्या मालकाने पैसे मोजून देशातले उत्तमातले उत्तम माग काढणारे एकत्र आणलेत. बुचची तक्रार ऐका. एवढा पैसा मलाच दिला असता, तर मी लुटायचंच थांबवलं असतं!

विनोद झकास आहे, पण त्यातलं गणित बघा. त्यांच्यामागे कोणी सूडाने पेटलेला शेरीफ नाही. एका कंपनीचा हिशेब लागलाय. नेम कितीही पक्का असू दे, हिशेबावर गोळी कशी झाडणार? त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा शेरीफ त्यांना हेच तोंडावर सांगतो. तुमचे दिवस संपलेत, आता मरायचं कुठे, एवढंच तुमच्या हातात आहे. दोघं ऐकतात आणि पुन्हा घोड्यावर बसतात. दुसरं काही येतच नाही त्यांना.

म्हणून मग बोलिव्हिया. तिथे बँक लुटायची तर स्पॅनिश हवं. एटा शिक्षिका, ती शिकवणी घेते. बुच ऐन दरोड्यात वाक्यं विसरतो आणि खिशातून चिठ्ठी काढून वाचतो! कॉपी केलेल्या प्रत्येकाला हा सीन जवळचा वाटेल. पुढे दोघं प्रामाणिक नोकरीही करून बघतात, खाणीच्या पगाराच्या पैशांचे राखणदार म्हणून. आणि नेमक्या त्या नोकरीत बुचला आयुष्यात पहिल्यांदा माणूस मारावा लागतो. तो प्रसंग स्लो मोशनमध्ये आहे. सिनेमातलं हसू तिथे जे जातं, ते पूर्वीसारखं परत येत नाही.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. बोलिव्हियाची माणसं एकतर गमतीसाठी आहेत, नाहीतर गोळ्या खायला. एटालाही कॅथरिन रॉसच्या वाट्याला यायला हवं होतं त्यापेक्षा कमीच काम आहे. पण सिनेमाची किल्ली तिच्याच हातात आहे. निघतानाच ती अट घालते. तुमचे कपडे शिवेन, जखमा बांधेन, पण तुम्हाला मरताना बघणार नाही. आणि वेळ जवळ आलीय हे ओळखून ती खरंच एक दिवस घरी निघून जाते.

रेडफर्ड सप्टेंबर २०२५मध्ये गेले. स्वतंत्र सिनेमावाल्यांची पंढरी झालेला सनडान्स महोत्सव याच भूमिकेचं नाव मिरवतो. त्यांचा कुठला सिनेमा आधी बघू, असं विचाराल तर हाच बघा, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर. कॉनराड हॉलच्या कॅमेऱ्याला ऑस्कर का मिळालं ते फोनवर कळायचं नाही.

शेवट सांगू का? पन्नासहून जास्त वर्षं झालीत, सांगतेच. दोघं जखमी होऊन एका खोलीत अडकलेत. बाहेर सैन्य येऊन गच्चीगच्चीवर उभं राहतंय, याचा त्यांना पत्ताच नाही. बुच मात्र पुढचा प्लॅन सांगतोय, आता ऑस्ट्रेलियाला जाऊ! सनडान्स वैतागतो, पण तिथलं काय काय विचारतोच. मग दोघं पिस्तुलं रोखून धावत बाहेर पडतात आणि चित्र तिथेच गोठतं. एटाने स्वतःसाठी मागितलेली सूट दिग्दर्शक आपल्यालाही देतो. बंदुकांच्या फैरी तेवढ्या ऐकू येत राहतात.